आप्पांचं दुखणं

१० नोव्हेंबर १९८६, सोमवार. पावस

पोचले एकदाची. मिरजेहून कोल्हापूर, तिथून आंबा घाट उतरून रत्नागिरी आणि गाडी बदलून पावस. पहाटे निघाले ती दिवेलागणीला इथं. घाटात शेजारच्या बाईंनी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोप काढली, मग उलटी केली, पण खिडकीतून केली. तेव्हा प्रवास सुखाचा झाला असंच लिहिते.

रत्नागिरीच्या स्टँडवर कमळा उभी होती. लांबूनच ओळखलं, अजून तशीच एक वेणी पुढं टाकते. नर्सिंगच्या शिक्षणात आम्ही मिरजेला एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. आता ती रत्नागिरीत एका खाजगी दवाखान्यात आहे, तिथंच मांडवीला राहते. हे काम तिनंच मिळवून दिलं. आई गेल्यावर मला मिरजेत राहवेना, तसं तिला कळवलं, तर लगेच बोलावणं आलं. तिच्या चुलत बहिणीच्या सासऱ्यांना घरी राहून सांभाळणारी नर्स हवी होती. कुणीतरी आपल्याला ये म्हणतंय, याचंच मला केवढं वाटलं.

चुलत बहीण म्हणजे मालन. पस्तिशीची, ठेंगणी, हातात सदा काहीतरी काम. नवरा हरिश्चंद्र मुंबईला गोदीत, सणासुदीला येतो. घर जांभ्या दगडाचं, नव्यानं कौलं घातलेलं, मागं हापूसची बाग. परसात कोंबड्यांचं मोठं खुराडं आहे पण रिकामं. रोग पडला, सगळ्या गेल्या, असं मालन म्हणाली.

मालनचे सासरे, आप्पा, माजघराशेजारच्या खोलीत असतात. श्रावणात अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनशिवाय इलाज नाही, पण डॉक्टर करायला धजत नाहीत. हृदय दुबळं, रक्तात साखर. टेबलावर सोसायचं नाही, म्हणाले. तेव्हापासून पायाला वजन लावून पडून आहेत. मी गेले तेव्हा कण्हत होते, तरी हात जोडायला विसरले नाहीत.

१२ नोव्हेंबर

मालनताई (आता ताई म्हणते, तिनंच सांगितलं) फार जिवाभावाची आहे. इथं लाल उकड्या तांदळाचा भात असतो. मला तो घशाखाली उतरेना. मी बोलले नव्हते, पण तिच्या नजरेतून सुटलं नाही. आजपासून माझ्यासाठी वेगळा, पांढऱ्या बारीक तांदळाचा भात छोट्या तपेलीत केला. मी म्हटलं कशाला उगीच दोन चुली. तर म्हणाली, तू आमच्या आप्पांसाठी एवढ्या लांबून आलीस, तुझ्या पोटाची काळजी आम्ही नको करायला?

आई गेल्यापासून माझ्यासाठी वेगळं असं कुणी काही रांधलं नव्हतं. दोनदा भात घेतला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आप्पांची पाठ बघून पहिल्या दिवशी धस्स झालं होतं. पडून पडून माकडहाडावर जखम झालीय, तळहाताएवढी, खोल. युसोलच्या औषधी पाण्यानं धुऊन रोज ड्रेसिंग करते. कापूस लागला की आप्पा उशीचा अभ्रा दातात धरतात. म्हातारा सोशिक आहे, पण शरीर थकलंय.

ताई ड्रेसिंगच्या वेळी शेजारी बसते आणि बारीकसारीक विचारते. जखम झाली की शरीर काय करतं? मलाही शिकवायला आवडतं. सांगितलं, आधी हृदय जोरात पळायला लागतं. हातापायांचं रक्त काढून घेऊन काळजाला आणि मेंदूला पुरवलं जातं, म्हणून माणूस गार पडतो, घाम सुटतो. मग जखमेपाशी सूज, ठणका, ताप. तो त्रास नव्हे, ती दुरुस्ती चाललेली असते. आणि त्या दुरुस्तीला लागणारा माल शरीर स्वतःचंच मांस जाळून काढतं. मोठ्या दुखण्यानं माणूस वाळतो तो त्यामुळं.

“आनि म्हाताऱ्या अंगात तेवढी ताकदच नसली तं?” तिनं विचारलं.

मग बाहेरून पुरवावी लागते, मी म्हटलं. सकस खाणं, टॉनिक, वेळ पडली तर रक्ताची बाटली. ती मान हलवत ऐकत राहिली. एवढं मन लावून मिरजेतल्या शिकाऊ पोरींनीही कधी ऐकलं नसेल.

२४ नोव्हेंबर

आप्पांची जखम भरतेय! कडेनं नवं गुलाबी मांस धरलंय, घाण वास गेला, ताप गेला. साखर असलेल्या माणसाची जखम इतक्या लवकर भरलेली मी पाहिली नाही. ताईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. आप्पा उशाला टेकून मला बागेतलं एकेक कलम कुणी लावलं ते सांगत होते.

माझीच पाठ थोडी धरलीय. जमिनीवर झोपायची सवय नाही, त्यामुळं असेल. ताईनं स्वतःची गादी मला दिली.

२९ नोव्हेंबर

आज एक गंमत झाली. सकाळी आप्पांच्या दंडात इन्सुलिनची सुई टोचली आणि मलाच दंडात टोचल्यासारखं झालं. चांगली कळ येऊन गेल्यासारखं. आप्पांना विचारलं दुखलं का, तर म्हणाले, दिलीस कधी?

दिवसभर हसू येत होतं. आमच्या ट्रेनिंगला एक मुलगी होती, पेशंटचं रक्त बघून हिच्याच नाकातून रक्त यायचं. तिला आम्ही चिडवायचो.

२ डिसेंबर

गंमत नाही ती. रोज होतं. आणि नुसती सुई नाही.

माकडहाडापाशी मला ठणका लागलाय. आरशात पाठ वळवून बघितलं. लाल, सुजलेलं, हात लावला तर चटका बसेल इतकं गरम. पण कातडी अखंड. कुठं खरचटलेलं नाही, फोड नाही. संध्याकाळी ताप येतो. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागलेत, बांगड्या कोपरापर्यंत जातात. एवढी जेवते आहे, तरी.

मला ही सगळी लक्षणं तोंडपाठ आहेत. मोठी जखम भरून काढणाऱ्या शरीराची ही लक्षणं आहेत. फक्त जखम नाही.

ताईला सांगितलं. तिनं तापाला काढा करून दिला आणि ताटात आणखी भात वाढला.

७ डिसेंबर, रविवार. मांडवी

सकाळच्या एस.टी.नं रत्नागिरीला कमळाकडं आले. आप्पांचं ड्रेसिंग आज ताई करणार होती, मी हात बसवून दिलाय तिला. भाट्याची खाडी दिसली तेवढ्यात कमरेखाली अशी आग झाली, जणू कुणी जखमेवर औषध ओततंय. ओरडू नये म्हणून पदर तोंडात कोंबला. माझ्या पुढच्या बाकावरची माणसं वळून बघत होती.

कमळानं नाडी धरली. बराच वेळ धरून ठेवली. मग तिच्या दवाखान्यात नेऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, एक्स-रे काढला. आज मांडीच्या वरच्या सांध्यातही कळ होती, म्हणून तिथलाही काढला. हाडं शाबूत आहेत, काही दोष नाही. डॉक्टर चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, आईच्या जाण्यानं मनावर घेतलंय, मनाचं दुखणं अंगावर येतं. मीसुद्धा पेशंटना हेच सांगत आले.

दुपारी आम्ही दोघी वाळूवर जाऊन बसलो. मी कमळाला सगळं सांगितलं, सुईचं, ड्रेसिंगचं. वाटलं होतं हसेल. ती समुद्राकडंच बघत राहिली आणि म्हणाली, तुला विश्रांती हवी. मी म्हटलं, काही दिवस तुझ्याकडं राहू का? तर म्हणाली, इथं जागा कुठं आहे, आणि आप्पांचं कोण करणार? संध्याकाळी मला पोचवायला ती स्वतः पावसपर्यंत आली. एकटी जाईन म्हटलं तर ऐकेना.

परतताना तिनं माझा हात एकदाही सोडला नाही. मला ते प्रेम वाटलं.

११ डिसेंबर

तपासून बघायचं ठरवलं. मी शिकलेली आहे, भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही.

आप्पा झोपलेले असताना त्यांच्या करंगळीचं नख जोरात दाबलं. माझी करंगळी ठणकली. ते हललेही नाहीत. ताईला ड्रेसिंग करायला सांगून बागेच्या टोकाला, विहिरीपाशी जाऊन बसले. तिनं कधी कापूस लावला ते मला तिथं कळलं. नाडी पळायला लागली, हात गार पडले, घामानं पदर भिजला. परत येऊन आप्पांची नाडी बघितली. संथ. तरण्या माणसासारखी.

वेदना थांबवायची एक गोळी आप्पांना दिली. माझं काही थांबलं नाही. मग मी स्वतः घेतली. थोड्या वेळात ठणका उतरला, आणि पलीकडच्या खोलीत आप्पा कण्हायला लागले. कितीतरी दिवसांनी.

ताई धावत गेली. मग तशीच माझ्याकडं आली आणि विचारलं, तू काही घेतलंस का? मी काही बोलायच्या आधीच तिला कळलं होतं. गोळ्यांची पेटी तिनं कपाटात ठेवली आणि किल्ली कनवटीला लावली.

तिला कसं कळलं?

१३ डिसेंबर

आप्पांच्या उशा उन्हात टाकायला काढल्या. खाली फडक्यात बांधलेले तांदूळ. पांढरे, बारीक. माझ्या ताटात येतात ते.

मागं वळले तर ती दारात, हातात छोटी तपेली. पळाली नाही. खोटंही बोलली नाही. मी विचारलं, हे काय आहे, तर तपेली खाली ठेवून भिंतीला टेकून बसली.

“रातभर दुखनेकऱ्याच्या उशाखाली ठेवायचं आनि सकाळी शिजवून घालायचं,” ती म्हणाली. “आमच्यात कोंबडीला घालतात. मी पन कोंबडीलाच घातलं आधी. खुराड्यातली सगळी गेली गो. कोंबडीचा जीव तो केवढा. पुरला नाय.”

“आणि मग मी?”

“मग कमळीला इचारलं. ती आमचीच. ती नको म्हनाली. म्हनाली, माझी एक मैत्रीण हाय, अंगानं धडधाकट हाय, आनि तिच्या मागं इचारनारं कोन नाय.”

हे शब्द मी जसेच्या तसे लिहिलेत. कमळानं ते कसे म्हटले असतील तेही मला ऐकू येतं. वेणीशी खेळत, खाली बघत.

मी म्हटलं, उद्यापासून या घरातला कण खाणार नाही. तर ती माझी समजूत काढायला लागली, अगदी मायेनं.

“आता नाय खाल्लंस तरी काय उपेग? ते तुझ्या अंगी लागलंय, बाय. अंगी लागलेलं कुनाला काढता येतंय?”

मग रडली. सांगत होती, आठ वर्षांची असताना बाप गेला, चौदाव्या वर्षी या घरात आली. पहिलं मूल गेलं तेव्हा सगळे हिला बोल लावत होते, एकट्या आप्पांनी हिला जेवू घातलं. बाप म्हणजे काय ते हिला आप्पांमुळं कळलं. डॉक्टर म्हणाले होते की ऑपरेशन करायला हरकत नाही, ते सोसणारं शरीर हवं. म्हणून हिनं शरीर आणलं.

मी शिकवलेलं सगळं हिनं मन लावून ऐकलं होतं. कुणासाठी ऐकत होती ते आज कळलं.

तिला यापुढं ताई लिहिणार नाही.

१४ डिसेंबर

आप्पांकडं गेले. म्हातारा माणूस, देवभोळा, त्याला हे माहीत नसणार. ऐकलं तर स्वतःच थांबवील.

मी बोलत होते तोवर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला होता. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मला झोप लागते गो पोरी. श्रावणापासून लागली नव्हती. थोडंच राहिलंय आता.”

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. पण हात सोडला आणि कूस बदलून झोपले. कूस बदलताना त्यांना काहीच झालं नाही. मी पलंगाची कड धरून खाली बसले.

आज इन्सुलिन भरताना मनात एक वाईट विचार येऊन गेला. सिरिंजमध्ये जास्त— पण तोही धक्का माझ्याच अंगात आला असता. आणि तसं नसतं, तरी मी केलं नसतं. आईची शपथ.

१६ डिसेंबर

निघाले. कुणी अडवलं नाही. मालननं उलट पिशवीत केळी घातली आणि दारापर्यंत आली. कमळाच्या गावाकडं न बघता सरळ कोल्हापूरची गाडी धरली. मिरजेला माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. पुढं काय ते तिथं. अंतरानं कदाचित सुटेल. घाट चढला की सुटेल. खिडकीशी बसून लिहितेय, अक्षर हलतंय, पण मन खूप दिवसांनी

१८ डिसेंबर. पावस

साखरप्याच्या पुढं झालं. घाट लागला नव्हता अजून.

खुब्यात कुणी पहार घालून पिरगाळावं तसं. बाकावरून खाली पडले. हृदय छातीत नाही, कानात वाजत होतं. हात बर्फासारखे, डोळ्यांपुढं काळं. सगळं ओळखीचं. धक्क्याची एकेक पायरी मी उतरत होते आणि मला प्रत्येकीचं नाव माहीत होतं. कंडक्टर देवमाणूस, साखरप्याच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर माझा धडधाकट पाय हलवून बघत होते आणि माझ्या किंचाळण्याचं त्यांना नवल वाटत होतं. बाई भ्रमिष्ट आहे असं दाराआड कुणीतरी म्हणालं. पत्ता विचारला. दुसरा कुठला देणार, पावसचा दिला.

मालन गाडी करून न्यायला आली. सांगत होती, आप्पांच्या पायाचं वजन निसटलं, दोरीची गाठ सुटली म्हणून.

गाठ मी मारली होती. मी मारलेली गाठ आजवर सुटलेली नाही.

१९ डिसेंबर

पाय टेकवत नाही. हाड शाबूत आहे, तरी नाही.

सगळ्यात जास्त राग येतो तो या शरीराचा. माझं आहे ना हे? मी अठ्ठावीस वर्षं पोसलं. आणि ते इमानेइतबारे राबतंय दुसऱ्याच्या जखमेसाठी. ताप आणतंय, सूज आणतंय, माझं मांस जाळून त्याचा माल तिकडं पाठवतंय. माझं ऐकत नाही.

आप्पांची पाठ कोरडी झाली. नवी कातडी आलीय, लहान मुलासारखी.

२० डिसेंबर

आप्पांचे डॉक्टर रत्नागिरीहून आले. कार्डिओग्राम काढला, साखर बघितली. खूश झाले. असं हृदय या वयात बघितलं नाही, म्हणाले. बुधवारी ऑपरेशन. हाडाचं मोडकं डोकं कापून काढायचं आणि धातूचा गोळा बसवायचा.

मी त्यांना सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. मालन शेजारी उभी होती, तिनं मध्ये तोंड घातलं नाही. डॉक्टरांनी माझ्या पापण्या उलटून बघितल्या. रक्त कमी झालंय, म्हणाले. हिलाही बरोबर घेऊन या, शेजारच्या खोलीत ठेवू, सलाईन लावू.

मालन म्हणाली, होय, तिला जपायलाच पायजे.

२१ डिसेंबर, रविवार

कमळा आली. तिला बघायचं नव्हतं, भिंतीकडं तोंड केलं. ती माझ्या पायाशी बसून रडली. म्हणाली, मी घाबरले गं. मालन माझ्याकडं असं बघत होती, आणि मला आई आहे, धाकटा भाऊ आहे. तुझं नाव तोंडातून निघून गेलं.

निघून गेलं. एवढंच.

मी विचारलं, बुधवारी मी जागी असणार का? त्यांना भूल देतील, पण भूल इकडं येत नाही. दुखणं तेवढं येतं. ते मांडी उघडतील, करवत चालवतील, आणि मी जागी?

तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“मी देईन तुला इंजेक्शन. माझ्या हातानं. आप्पांचं काय व्हायचं ते होवो, तुला मी जागी ठेवणार नाही, दमू.”

दमू मला आई म्हणायची, आणि ही. विश्वास ठेवला. दुसरं काय आहे माझ्याकडं?

२३ डिसेंबर. रत्नागिरी, कमळाचा दवाखाना

मधे एक भिंत. पलीकडं आप्पा. हरिश्चंद्र मुंबईहून आलेत, माझ्यासाठी संत्री आणली. तुमच्यामुळं वडील उभे राहतील, म्हणाले. त्यांना माहीत आहे की नाही, कळलं नाही. विचारलं नाही.

मालन माझे केस विंचरून गेली. गुंता सोडवताना इतकी हळू, की—

पाय ठणकतोय. हात लिहायला पुरेल का बघते. कमळा दोनदा येऊन गेली. सकाळी लवकर देईन म्हणाली.

२४ डिसेंबर, सकाळ

दिलं. कमळानं दंड पुसला, सुई दिली, कापूस दाबून धरला. तिनं माझ्याकडं बघणं टाळलं. मीच तिला धीर दिला.

आता वाट बघायची. मी कितीजणांना दिलंय हे. आधी तोंडाला कोरड पडते. मग पापण्या जड होतात. मग कुणाचा पाय कापताहेत याचंसुद्धा काही वाटेनासं होतं.

आप्पांना नेलं. दारातून दिसले. मला हात केला.

—

तोंड कोरडं पडत नाही.

—

अजून नाही. जीभ फिरवून बघितली. ओली. थुंकी गिळता येते. डोळे लख्ख उघडे. भिंतीवरच्या पालीची बोटं मोजता येतात. इतक्या वेळात झोप यायला हवी होती—

कमळाला हाक मारली. दारापाशीच होती. विचारलं, सुईत काय होतं?

पाणी, म्हणाली. नुसतं पाणी.

का? कमळे, का? तू म्हणालीस ना आप्पांचं काय व्हायचं ते—

“तू झोपलीस तर सोसणार कोण?”

असं म्हणाली. रडत नव्हती. दार ओढून घेतलं. कडी बाहेरून.

—

उठता येत नाही. पाय— मोठ्यानं ओरडले. बाहेर मालन कुणालातरी सांगतेय, भ्रमिष्ट आहे बिचारी, लक्ष देऊ नका.

हात गार पडायला लागले. घाम. नाडी मोजता येत नाही, एकात एक—

अजून काही केलं नाही त्यांनी. हे नुसतं भिण्याचं. हे माझं स्वतःचं आहे. एवढं तरी माझं—

—

गार. मांडीवर गार काहीतरी. औषधाचा कापूस. वरून खाली. पुन्हा वरून खाली. घाई नाही डॉक्टरांना, चांगला हात आहे.

थांबले.

बोटानं जागा बघताहेत. चाचपतात. इथं नाही, जरा वर— हो, इथं.

कमळा दाराबाहेरच आहे. कडीवर तिच्या बांगड्या वाजल्या. उघडेल. अजून उघडेल ती. कमळे, मी तुझ्या ताटात जेव—

आता